दुकानात चालतो, घरी वाय-फाय तुटतं: फोन उघडण्याआधी काय काय पाहायचं

"दादा, याचं वाय-फाय गेलंय, बघा जरा." फोन काउंटरवर येतो. मी तो दुकानातल्या वाय-फायला जोडतो, तो मुकाट जोडला जातो. व्हिडिओ लावतो, तोही चालतो. मग समोरचा माणूस ओशाळतो आणि वैतागतो, दोन्ही एकदम: "अहो, घरी नाही ना चालत!"

वाईत माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. हा संवाद आठवड्यातून चार-पाच वेळा तरी होतो. असे बहुतेक फोन मी न उघडताच परत देतो, कारण बिघाड फोनमध्ये नसतोच. तो घरात असतो, नाहीतर सेटिंगमध्ये. म्हणून "सॉफ्टवेअर मारून द्या" असं सांगत दुकानात येण्याआधी खालच्या गोष्टी घरी करून पाहा. सोप्या आणि फुकटच्या आधी घेतल्या आहेत, अवघड आणि खर्चाच्या शेवटी.

लक्षण नेमकं कोणतं?

'वाय-फाय चालत नाही' या एकाच वाक्यात निदान सहा वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. तुमची कोणती ते आधी ठरवा.

- जोडलं जातं, पण खाली 'इंटरनेट नाही' असं येतं.
- पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो, किंवा 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' यावरच गाडी अडकते.
- जोडलं जातं, तुटतं, परत जोडलं जातं. दिवसभर हाच खेळ.
- शेजाऱ्यांची नावं यादीत दिसतात, आपल्याच घराचं दिसत नाही.
- राउटरपाशी उत्तम, आतल्या खोलीत शून्य.
- वाय-फायचं बटणच चालू होत नाही. दाबलं की परत बंद पडतं, किंवा राखाडी होऊन बसतं.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं बरंच सोडून थेट हार्डवेअरच्या भागाकडे गेलात तरी चालेल. बाकीच्यांनी क्रमाने यावं.

एक फाटा इथेच फोडतो. पुष्कळ लोक 'नेट गेलं' म्हणतात तेव्हा त्यांचा दिवसाचा मोबाईल डेटा संपलेला असतो आणि वाय-फायचा त्यात काही संबंध नसतो. वर पंख्यासारखी खूण आहे की ४जी-५जी लिहिलंय, तेवढं पाहा.

पहिली चाचणी: आजारी कोण, फोन की घर?

याला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. तरी हे कुणी करत नाही.

घरातला दुसरा एखादा फोन त्याच वाय-फायवर, त्याच खोलीत, त्याच जागी उभं राहून चालवून पाहा. मग तक्रारीचा फोन कुणाच्या तरी हॉटस्पॉटला जोडा. दुसरा फोनही घरी अडखळत असेल तर दोष राउटरचा किंवा लाइनचा, तुमच्या फोनला उगाच बोल लावू नका. दुसरा फोन घरी व्यवस्थित चालतो आणि तुमचा हॉटस्पॉटवरही तुटतो, तर दोष फोनचा. आणि तुमचा फोन हॉटस्पॉटवर चालतो, दुसरा फोन घरी चालतो, पण तुमचा फोन घरी चालत नाही? मग दोघांचं आपसात पटत नाहीये. माझ्याकडे येणाऱ्यांत हाच प्रकार सर्वांत जास्त असतो, आणि तो जवळजवळ नेहमी सेटिंगने सुटतो.

हॉटस्पॉट देणाऱ्या फोनमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडा. स्वस्तातल्या बऱ्याच फोनना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. ते न पाळता चाचणी केली तर चांगल्या फोनवर आळ येतो.

बंद करून चालू, पण नीट

फोन रीस्टार्ट करा. नुसतं विमान मोड लावून काढणं पुरत नाही. मग राउटर भिंतीवरच्या बटणावरून बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि सगळे दिवे स्थिर होईपर्यंत आणखी दोन-तीन मिनिटं द्या. यामागे कारण आहे. राउटर प्रत्येक फोनला काही मुदतीसाठी एक पत्ता देतो. कधी दोन यंत्रांकडे एकच पत्ता जातो, कधी फोन मुदत संपलेला पत्ता धरून बसतो. काही राउटर तर सोळा किंवा बत्तीस यंत्रांपलीकडे कुणाला घेतच नाहीत. एका लग्नघरातून मला रात्री नऊला बोलावणं आलं होतं. पाहुण्यांनी फोन जोडले होते आणि घरमालकाचाच फोन 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' म्हणत बाहेर ताटकळत होता. राउटर बंद-चालू केल्याबरोबर तो पहिला आत घुसला. (नंतर पाहुणेही परत आले, पण तोवर जेवणाची पंगत बसली होती.)

राउटरकडे गेलातच आहात तर दिवे पाहून घ्या. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लाल पेटलेला असेल तर प्रकाशाचा सिग्नल घरापर्यंत पोहोचतच नाहीये. फोनमध्ये काहीही करून उपयोग नाही, केबलवाल्याला फोन लावा. पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटाच्या दारात दबली नाही ना, इतकंच आपण पाहायचं. तिचं टोक उपटून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

अजून एक लपलेला गुन्हेगार म्हणजे राउटरचा अडॅप्टर. जुना झाला की पुरेसा करंट देत नाही, राउटर मधूनच स्वतःहून बंद-चालू होतो आणि सगळ्यांना वाटतं वाय-फाय तुटतंय. सगळे फोन एकाच क्षणी तुटत असतील तर याच्यावर संशय घ्या. बदलताना डब्यामागे छापलेले व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

आणि मागचं ते छोटं भोक, ज्यात टाचणी घालतात, तिथे हात लावू नका. त्याने राउटर रीस्टार्ट होत नाही, कोरा होतो. केबलवाल्याने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि मग तो येईपर्यंत घरभर उपास.

तारीख आणि वेळ

ही तपासणी लोकांना विनोदी वाटते. सुरक्षित वेबसाइट आपली ओळख सांगायला प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर मुदत असते. फोनची तारीख चुकली की त्याला प्रत्येक प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि तो दार लावून घेतो. वाय-फाय पूर्ण जोडलेलं, उघडत मात्र काहीच नाही.

सिमवाल्या फोनला वेळ सहसा नेटवर्ककडून मिळते, त्यामुळे हा घोळ जास्त करून मुलांच्या बिनसिमच्या टॅबमध्ये सापडतो. मुलं गेममध्ये संपलेला जीव परत मिळवायला तारीख पुढे ढकलतात आणि 'आपोआप वेळ' बंद ठेवून मोकळी होतात. आई टॅब घेऊन माझ्याकडे येते, मी तारीख दुरुस्त करतो, पैसे घेत नाही, आणि पोरगं माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघतं.

नेटवर्क विसरा, पासवर्ड नव्याने टाका

वाय-फायच्या यादीत घरच्या नावावर जाऊन 'विसरा' दाबा आणि परत जोडा. केबलवाल्याने राउटर बदलून नाव तेच ठेवलं असेल, तर फोन जुन्या खुणा घेऊन नव्या राउटरशी बोलायला जातो आणि अडतो. पासवर्ड टाइप करताना डोळ्याची खूण दाबून अक्षरं पाहा. पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होणं आणि शेवटी एक जागा सुटणं, या दोन चुका मी शेकड्याने पाहिल्यात. त्यापेक्षा सोपं म्हणजे, ज्या फोनवर चालतंय त्याच्या वाय-फाय सेटिंगमध्ये 'शेअर' दाबा आणि आलेला क्यूआर कोड या फोनने स्कॅन करा. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनांत ही सोय आहे.

कव्हर काढा

खरंच काढा. गाडीतल्या चुंबकाच्या होल्डरसाठी फोनमागे चिकटवलेली लोखंडी पट्टी, धातूची चकचकीत फ्रेम, पत्त्याएवढ्या कप्प्यात ठेवलेलं नाणं. अँटेना फोनच्या कडांना आणि पाठीला असतात आणि धातू त्यांचं तोंड दाबतो. एका रिक्षावाल्या भाऊंचा फोन मी कव्हर काढून हातात दिला, दोन दांड्यांच्या चार झाल्या. ते म्हणाले, "म्हणजे पट्टी फेकू?" मी म्हटलं, थोडी खाली सरकवा.

सेटिंगमधले छुपे अडथळे

सेटिंगची नावं कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे वर शोधायच्या खिडकीत शब्द टाकून शोधा.

व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप) चालू असेल तर बंद करून पाहा. फुकटचे व्हीपीएन मधूनच मरतात आणि जाताना नेटही घेऊन जातात.

'खाजगी डीएनएस' किंवा 'प्रायव्हेट डीएनएस' हा माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सर्वांत फसवा प्रकार. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आली. जाहिराती बंद होतात म्हणून कुणीतरी मित्र तिथे एक पत्ता भरून देतो आणि सगळे विसरतात. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा. तुम्ही ठरवून दिलेला तो एकच माणूस गाठला नाही की फोन दुसऱ्या कुणाला विचारत नाही. काही ऑफिसांच्या आणि कॉलेजांच्या वाय-फायवर अशा डीएनएसची वाट अडवलेली असते. मग फोन घरी चालतो, ऑफिसात नाही, आणि माणूस चक्रावतो. तिथे 'ऑटोमॅटिक' किंवा 'बंद' करा आणि पुन्हा पाहा.

'वाय-फाय कमकुवत असेल तर मोबाईल डेटावर जा' अशा अर्थाचं बटण बहुतेक फोनांत असतं, आयफोनमध्ये त्याला वाय-फाय असिस्ट म्हणतात. हेतू चांगला, पण सिग्नल काठावर असलेल्या घरात फोन दर मिनिटाला इकडून तिकडे उड्या मारतो आणि व्हिडिओ कॉल तुटतो. तपासणीपुरतं ते बंद ठेवा. बॅटरी सेव्हरही बंद करा. स्क्रीन मिटल्यावरच वाय-फाय जात असेल तर बहुधा चोर तोच आहे.

आता मॅक ॲड्रेस. प्रत्येक वाय-फाय यंत्राला कारखान्यातून एक ओळखक्रमांक मिळतो. तुमचा माग काढता येऊ नये म्हणून अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला खरा क्रमांक न देता बनावट देतात. यात गैर काही नाही. पण घरच्या राउटरमध्ये 'या यादीतल्यांनाच प्रवेश' असं कुलूप लावलेलं असेल, तर मुखवटा घातलेल्या फोनला तो ओळखत नाही. पासवर्ड बरोबर आणि तरी प्रवेश नाही, यामागे हे कारण मी कितीदा पाहिलंय. घरच्या नेटवर्कच्या तपशिलात 'प्रायव्हसी' उघडून 'फोनचा मॅक वापरा' निवडा, आयफोनमध्ये 'खाजगी पत्ता' बंद करा. फक्त घरापुरतं. बाहेरच्या, स्टेशनवरच्या वाय-फायला मुखवटा राहू द्या.

स्टेशनचं निघालंच आहे तर, तिथे जोडल्यावर लगेच नेट मिळत नाही. आधी एक पान उघडतं, मोबाईल नंबर टाकून ओटीपी द्यावा लागतो. ते पान आलं नाही तर वाय-फायच्या नावावर परत टिचकी मारा. हा बिघाड नाही.

राउटर कुठे बसवलाय आणि काय ओरडतोय

'आतल्या खोलीत शून्य' आणि 'जोडतं-तुटतं' या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेकदा इथे असतं, म्हणून जरा बैजवार सांगतो.

आजचे बरेच राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झ हळू, पण भिंतीपलीकडे जातो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत लागली की दमतो. आमच्या वाईत अजून जुने वाडे आहेत, हात पुरणार नाही अशा जाड दगडी भिंतींचे. ५ गिगाहर्ट्झ तिथे ओसरीतून माजघरातही धड पोहोचत नाही. नव्या इमारतीतल्या आरसीसी भिंतीही काही कमी नाहीत, त्यांच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, आरशामागे किंवा माशांच्या टाकीशेजारी असेल तर त्याला तोंड दाबूनच बोलायला सांगितल्यासारखं आहे. उघड्यावर, छातीच्या वर, घराच्या मध्याकडे आणा. लांब वायरीचा खर्च किरकोळ असतो.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर फोन चालता चालता एकीवरून दुसरीवर जातो, आणि काही फोन या बदलात हमखास ठेचकाळतात. राउटरच्या पानावर जाऊन दोघींना वेगळी नावं द्या, एकीच्या शेवटी '५' लावा. मग आतल्या खोलीत फोन २.४ वरच ठेवायचा. हे पान उघडायचा पत्ता आणि पासवर्ड डब्याखालच्या चिकटपट्टीवर असतो. जमत नसेल तर केबलवाल्याकडून करून घ्या, यात त्याची दहा मिनिटं जातात.

२.४ वर गर्दीही फार. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण तिथेच. दूध गरम करताना कॉल तुटतो हे एका काकूंनी स्वतः शोधून काढलं होतं, मला फक्त मान डोलवायची होती. शेजाऱ्यांचे राउटर एकाच वाटेवर बोलत असतील तर चॅनेल बदला. निवड १, ६ किंवा ११ यांतूनच करा, कारण हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. सिग्नल मोजणारं एखादं फुकटचं ॲप टाकून आकडा पाहा. तो उणे असतो. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल चालतो, उणे ८० च्या आसपास तुटणारच. हा आकडा दोन फोनांवर एकाच जागी मोजला की वाद मिटतो.

घरचं नावच दिसत नसेल तर दोन शक्यता. फोन फक्त २.४ वाला आणि राउटर ५ वर ठेवलेला. किंवा राउटर स्वतःहून १२-१३ नंबरच्या चॅनेलवर गेलेला. अमेरिकेत ते चॅनेल सहसा वापरत नाहीत, त्यामुळे तिकडून कुणी पाठवलेल्या काही जुन्या फोनांना ते दिसत नाहीत. चॅनेल ११ वर आणला की नाव उगवतं.

नवा राउटर आल्यापासून जुना फोन जोडलाच जात नसेल, तर सुरक्षा 'डब्ल्यूपीए३' वर आहे का पाहा. ती २०१८ साली आली, त्याआधीच्या बहुतेक यंत्रांना ती भाषाच कळत नाही. 'डब्ल्यूपीए२' किंवा दोन्हींचं मिश्रण निवडा. वैतागून पासवर्डच काढून टाकू नका.

रीसेट, तोही छोटा

इतकं करून जमलं नाही तर 'नेटवर्क सेटिंग रीसेट करा'. फोटो, चॅट, नंबर जात नाहीत. साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, तेवढे लिहून ठेवा. फोनचं अपडेट आलेलं असेल तर तेही घ्या.

पूर्ण फॅक्टरी रीसेटच्या मी फारसा बाजूने नाही. तो सगळं पुसतो आणि या तक्रारीत क्वचित उपयोगी पडतो. करायचाच असेल तर बॅकअप घ्या आणि जीमेलचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करा. बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट केला आणि पासवर्ड आठवला नाही, तर वाय-फायचा फोन घेऊन आलेला माणूस लॉक झालेला फोन घेऊन घरी जातो.

इथे थांबा, हार्डवेअर आहे

बटण राखाडी आहे का? 'फोनबद्दल' मध्ये वाय-फायचा मॅक 'उपलब्ध नाही' किंवा ०२:००:००:००:००:०० असा येतो का? आता ब्लूटूथ चालू करून पाहा. बहुतेक फोनांत वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच आयसीमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या एकाच छोट्या चिपमध्ये असतात. दोन्ही एकदम मेले असतील तर आयसी किंवा तिचे टाके गेले असं समजा. फोन थंड असताना चालतो आणि गरम झाला की वाय-फाय जातं, किंवा पडल्यापासून हे सुरू झालं, तरी संशय तिथेच जातो.

दुसरा प्रकार स्वस्तातला आहे. राउटरपासून दोन हातांवर चालतं, दार ओलांडलं की गेलं, आणि नुकतीच बॅटरी किंवा डिस्प्ले बदललाय. म्हणजे आत अँटेनाची बारीक वायर टोपणात नीट बसलेली नाही, किंवा मागच्या पॅनेलची स्प्रिंग वाकलीये. ज्याने बदललं त्याच्याकडेच परत न्या, पाच-दहा मिनिटांचं काम असतं, आणि त्याचे पैसे देऊ नका.

या टप्प्यावर घरगुती उपाय नकोत. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या फोनच्या आत पाणी सुटतं. हेअर ड्रायरने आयसी सुधारत नाही, स्क्रीनचा गोंद आणि बॅटरी मात्र बिघडते. पावसात भिजलेला फोन तांदळात पुरून काही होत नाही. तो बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि लवकर उघडून घ्या, गंज चढायला वेळ लागत नाही. पाठ फुगून पॅनेल उचललं असेल तर वाय-फाय विसरा. बॅटरी फुगलीये, आजच दुकान गाठा.

वॉरंटी असेल तर सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, आमच्यासारख्यांनी उघडला की ती गेली. वॉरंटी नसेल आणि दुकानदार आयसी बदलायचं म्हणाला, तर आधी बॅकअप घ्या, कारण बोर्डाला उष्णता द्यावी लागते आणि कधी कधी फोन परत उठत नाही. 'फक्त हीट मारून देतो' हे काम मी करत नाही. महिना-दोन महिने चालतं आणि परत जातं. खर्च फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर मी गिऱ्हाइकाला नाही म्हणायला सांगतो. मोबाईल डेटावर तो फोन अजून दोन वर्षं चालू शकतो. घरचं नेटच हवं असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनांना ओटीजीवरून (चार्जिंगच्या भोकात लावायचा छोटा जोड) राउटरची लॅनची वायरही लावता येते.

दुकानात याल तेव्हा तीन गोष्टी कागदावर लिहून आणा: दुसरा फोन घरी चालतो का, हा फोन हॉटस्पॉटवर चालतो का, आणि ब्लूटूथ चालू होतं का. आणि कव्हर घरीच ठेवून या.